खुर्चीची चिठ्ठी

९ नोव्हेंबर १९९८, सोमवार

बावीस वर्षं मी ह्यांना लष्कराच्या टपालाने पत्रं लिहिली, मार्फत ५६ एपीओ. हे सुभेदार होऊन रिटायर झाले, बडोद्याला घरी आले आणि माझी पत्रं थांबली. हाताला सवय राहिली म्हणून वही धरली. दोन वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा वहीही सुटली. आज पुन्हा उघडते आहे, कारण आज पहिल्यांदाच कोणीतरी म्हणालं की ह्यांची चाल सुधारू शकेल.

म्हणणारी मुलगी जेमतेम चोवीस-पंचवीसची. ऋचा पंड्या. फिजिओथेरपीची वरची परीक्षा देते आहे आणि प्रबंधासाठी तिला साठीच्या पुढचे, चालायला जड जाणारे माजी सैनिक हवे होते. बारा मिळाले. सयाजीगंजात एका ट्रस्टच्या हॉलमध्ये सगळे जमलो. तिने फरशीवर खडूने दहा मीटरची रेघ मारली आणि एकेकाला चालायला लावून हातात घड्याळ धरलं. ह्यांना एकतीस सेकंद लागले. डावा पाय मागे राहतो, मग कंबर हिसडून तो पुढे ओढायचा. हे पूल बांधणाऱ्या पलटणीतले. छातीभर पाण्यात रात्रभर उभं राहून काम केलेला माणूस, आणि रेघेच्या टोकाशी पोचेपर्यंत सदरा घामाने भिजला.

दत्तूभाऊजींना तीस सेकंद लागले. दत्तात्रेय सुर्वे, ह्यांच्याच कंपनीत हवालदार होते. गेल्या वर्षी त्यांचा खुबा मोडला, सळई घातली, तेव्हापासून पाऊल टाकायलाच भितात. त्यांना मूलबाळ नाही. बायको मंदा, तिचे डोळे साखरेने गेले, उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तीही बरोबर आली होती, घरी एकटी कशी ठेवणार?

माझंही लिहून ठेवते. मी चौसष्टची. ह्यांचं वजन ब्याऐंशी किलो. संडासातून उठवताना माझ्या कमरेत काहीतरी लचकतं आणि मग दिवसभर मी वाकडी चालते. मुलगा हैदराबादला, फोनवर म्हणतो, "आई, माणूस ठेव." तीन माणसं ठेवली. तिघांना ह्यांनी हाकललं. त्यांना माझाच हात लागतो.

१६ नोव्हेंबर, सोमवार

नशीब म्हणतात ते हेच.

ऋचाने समजावून सांगितलं की बारा जणांचे दोन गट होणार. सहा जण चालण्याचा सराव करतील, म्हणजे रेघेवरून पाय पुढे-मागे, वळणं, ठेक्यावर चालणं. उरलेले सहा खुर्चीत बसून पायाला वाळूची पिशवी बांधून व्यायाम करतील. बारा आठवड्यांनी बघायचं, कोणाची चाल जास्त सुधारते. त्यानंतर खुर्चीवाल्यांनाही चालणं शिकवणार. कोणी कुठल्या गटात जायचं ते ती ठरवणार नाही. "मी ठरवलं तर रिझल्ट खोटा ठरेल, काका. चिठ्ठीच काढायची."

एका स्टीलच्या डब्यात बारा चिठ्ठ्या टाकल्या. नेमकं त्याच वेळी मंदाला बाथरूमला जायचं होतं. तिला हाताला धरून मी मागच्या बाजूला नेलं. तिथे नळाला पाणी नव्हतं, बादली शोधावी लागली. परत आलो तोवर सगळं उरकलं होतं आणि ऋचा टेबलाशी बसून चिठ्ठ्या बघून नावं लिहीत होती.

"काय निघालं?" मी विचारलं.

"खुर्ची," हे म्हणाले.

दत्तूभाऊजींना चालण्याची चिठ्ठी निघाली होती. ते भिंतीशी उभे होते, डोळे भरलेले. एवढा आनंद! ह्यांचा हात हातात घेतला होता तो सोडायलाच तयार नाहीत. हेच मग म्हणाले, "दत्तू, हात सोड. लोक बघतायत."

मला राहवेना. मी ऋचाकडे गेले आणि हळूच विचारलं, एक चिठ्ठी बदलता नाही का येणार? ह्यांचा तर पायच उचलत नाही, ह्यांना खुर्चीत बसवून काय होणार?

"ना काकी, एवुं न चाले," ती म्हणाली. वाईट वाटलं तिलाही. "एक पण चिठ्ठी बदलली तर माझं सगळं काम फोकट."

मागून हे गरजले, "विमल! इकडे ये!" सगळा हॉल वळून बघायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निघताना हवाई दलात कारकून असलेले देवसाहेब जवळ आले आणि म्हणाले, "जगदाळेवहिनी, तुमच्या ह्यांना सलाम." ह्यांच्या ओरडण्यावरून टोमणा मारला असणार.

१८ नोव्हेंबर, बुधवार

चालणाऱ्यांचा वर्ग नऊला, खुर्चीवाल्यांचा सव्वादहाला. घरून, अकोटा भागातून, रिक्षा लवकर मिळाली म्हणून आम्ही साडेनऊलाच पोचलो. ह्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मी खिडकीशी उभी राहिले.

ऋचा टाळ्या वाजवत होती. एक टाळी, एक पाऊल. उजवा पाय रेघेच्या पुढे, परत मागे. मग डावा. मग दोघांनी समोरासमोर येऊन एकमेकांना चुकवून जायचं. दत्तूभाऊजी प्रत्येक पावलाला डोळे मिटून घेत होते. "आंखो खोलो, काका! धीमे धीमे!"

ह्यांच्या वर्गात सहा म्हातारे खुर्च्यांवर बसून पाय वर-खाली करतात. पाळणाघरात आणल्यासारखे दिसतात.

२ डिसेंबर, बुधवार

लिहायची लाज वाटते, पण ही वही कोणी वाचत नाही. मला दत्तूभाऊजींचा राग येतो.

आज ते पायरी काठी न टेकता उतरले. ऋचाने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या, मीही वाजवल्या. आणि मनात आलं, ह्या माणसाने आयुष्यात एकही गोष्ट ह्यांच्या आधी मिळवली नाही. हे पुढे, तो मागे. आणि आता देवाला नेमकी हीच जागा सापडली उलटं करायला.

भाऊजींना बहुधा कळतं. माझ्याकडे बघत नाहीत. दर शुक्रवारी लीलो चेवड्याचं पुडकं आणून ह्यांच्या बाकावर ठेवतात आणि निघून जातात. मंदाचं तर विचारूच नका. परवा तिने चाचपडत माझे पाय धरले. म्हणाली, "वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू?" मी अधूनमधून आमटीचा डबा पाठवते, त्याचं एवढं! मी म्हटलं, "अगं, त्यात काय? घरात होतं ते दिलं." तर ती रडायलाच लागली. साखरेने माणूस हळवं होतं म्हणतात.

११ डिसेंबर, शुक्रवार

आज मी एक बेत केला आणि तो फसला.

खिडकीतून बघून बघून मला सगळी पावलं पाठ झाली आहेत. आज जेवणानंतर मी पुढच्या गॅलरीत खडूने रेघ मारली, वळणासाठी दोन तांबे ठेवले आणि ह्यांना म्हटलं, चला, मी टाळ्या वाजवते, आपण घरीच करू. कोणाला कळणार आहे?

ह्यांनी रेघेकडे बघितलं. मग खुर्ची तिथे ओढून घेतली, बसले, आणि उजव्या पायाच्या चपलेने जेवढी पोचेल तेवढी रेघ पुसली.

"अहो!"

"पोरीच्या परीक्षेचं काम आहे," हे म्हणाले. "खुर्चीवाल्याने खुर्चीवरच बसायचं. नाहीतर तिचा हिशोब चुकेल."

"तिचा हिशोब चुकेल म्हणून तुम्ही पांगळे राहायचं?"

"ऑर्डर म्हणजे ऑर्डर."

मी उरलेली रेघ ओल्या फडक्याने पुसून टाकली. तत्त्वाचा माणूस. तत्त्वं त्यांची, कंबर माझी.

२० डिसेंबर, रविवार

मोरीत पडलो. दोघंही.

मी ह्यांना पाटावरून उठवत होते. ह्यांचा डावा पाय साबणावर सरकला आणि हे माझ्यावर आले. माझा डावा हात खाली सापडला. आवाज आला तो मी ऐकला, काटकी मोडल्यासारखा. हे माझ्या अंगावर आणि उठता येत नाही. मला ढकलता येत नाही. किती वेळ गेला कोण जाणे. नळ चालू होता. हे कानाशी "विमल, विमल" म्हणत होते आणि मी म्हणत होते, "आधी तुम्ही बाजूला व्हा." ते त्यांना जमत नव्हतं आणि मला ते दिसत होतं, तरी मी तेच म्हणत होते.

खालच्या मजल्यावरच्या पटेलबेनना नळाचा आवाज फार वेळ येतोय असं वाटलं म्हणून त्या वर आल्या. दार उघडं होतं हे नशीब.

मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. उजवा हात शाबूत आहे, म्हणून हे लिहिता येतंय.

२४ डिसेंबर, गुरुवार

पटेलबेन दिवसातून दोनदा येतात. त्यांचा नवरा ह्यांना आंघोळ घालतो. हे डोळे मिटून घेतात. मी आतल्या खोलीत बसते.

३ जानेवारी १९९९, रविवार

काय वाटलं कोण जाणे, आज दुपारी मी परत गॅलरीत रेघ मारली आणि एकटीच चालायला लागले. प्लास्टरचा हात पोटाशी धरून. उजवा पुढे, मागे. डावा पुढे, मागे. ह्यांना करायचं नाही ना, मग मी करते. मला तरी पडायचं नाही पुन्हा.

हे दाराशी खुर्चीत बसून बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "ठेका चुकतोय तुझा."

मी तांब्याएवढं वळण घेऊन परत रेघेवर आले.

"डावा पाय उशिरा येतोय. एक... दोन. एक... दोन."

परेडवर मोजतात तसं मोजायला लागले. मी चालत राहिले. हे मोजत राहिले. त्यांच्या मांडीवरचा हातही ठेका धरत होता. आणि मी बघितलं, खुर्चीखाली त्यांचा डावा पाय, तो मेला पाय, प्रत्येक "दोन"ला टाच उचलायचा प्रयत्न करत होता. उचलत नव्हता. नुसती पोटरी हलत होती.

मी न पाहिल्यासारखं केलं.

१५ जानेवारी, शुक्रवार

उत्तरायणाचे दोन दिवस हॉल बंद. सगळं बडोदं पतंग घेऊन गच्चीवर, भोंगे, पिपाण्या, "काप्यो छे" च्या आरोळ्या. तिळगूळ घेऊन मी गावातल्या वाडी भागात मंदाकडे गेले. ह्यांना पटेलभाई बघणार होते. भाऊजी घरी नव्हते. मंदा दाराशी बसून माझी वाट बघत होती.

"वहिनी, हे कुठे गेलेत सांगू?" तिचा चेहरा नुसता फुलला होता. "भाजी आणायला. एकटे. काठी घेऊन, पण एकटे गेले. काल मला देवळात नेऊन आणलं. वर्षभराने देवळाची पायरी पायाला लागली."

मी म्हटलं, बरं झालं. खरंच बरं वाटलं. थोडं दुखलंही.

मग तिने माझा प्लास्टरचा हात चाचपला. त्यावरून बोटं फिरवली आणि तिचा आवाज बदलला. "तुमचा हात मोडल्याचं कळल्यापासून हे नीट जेवत नाहीत. म्हणतात, साहेबांनी चिठ्ठी दिली नसती तर साहेब आत्तापर्यंत चालते झाले असते, वहिनींवर ही पाळी आली नसती. मी म्हणते, पण वहिनींनी स्वतः होकार दिला ना? केवढं मन लागतं, वहिनी. दुसऱ्या कोणी दिला असता?"

वर गच्चीवर पोरं ओरडत होती. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"कसला होकार?" असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण ती माझा हात धरून बसली होती आणि तिचे ते डोळे, ज्यांना काही दिसत नाही, नेमके माझ्या तोंडावर होते. ती सांगतच राहिली. चालण्याची चिठ्ठी ह्यांना निघाली होती. भाऊजींना खुर्ची. ह्यांनी तिथल्या तिथे, ऋचा पाठमोरी असताना, चिठ्ठी भाऊजींच्या मुठीत कोंबली. भाऊजी घेईनात. तेव्हा हे म्हणाले, "मी विमलला विचारलंय. तिची हरकत नाही."

"हो ना, वहिनी?" मंदाने विचारलं. "तुम्ही दोघांनी ठरवूनच दिलीत ना?"

मी म्हटलं, "हो."

तिळगूळ तिच्या हातावर ठेवला. रिक्षात बसले. देवसाहेबांचा सलाम, चेवड्याची पुडकी, भाऊजींचे डोळे, सगळं एकदम ओळीने लागलं. सबंध हॉलला माहीत होतं. मी बादली शोधत होते.

१६ जानेवारी, शनिवार

सकाळी चहा झाल्यावर मी ह्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"तुमची चिठ्ठी कुठली निघाली होती?"

हे पेपर वाचत होते. पेपर खाली केला नाही. "मंदा बोलली वाटतं."

"मी विचारते ते सांगा."

"चालायची."

"आणि मला विचारलंय म्हणून सांगितलंत."

आता पेपर खाली आला. "नाहीतर दत्तू घेत नव्हता. विमल, त्याची बायको आंधळी आहे. तो आडवा झाला तर त्या घरात पाण्याचा पेला द्यायला कोणी नाही. मला तू आहेस."

मला तू आहेस. हे वाक्य तीस वर्षांपूर्वी एखाद्या पत्रात आलं असतं तर मी ते पत्र पदराखाली घेऊन फिरले असते. आता मी प्लास्टरचा हात उचलून ह्यांच्यासमोर धरला. "ही मी. बघा."

ह्यांनी बघितलं. मान खाली गेली.

"आणि त्या पोरीचा हिशोब? मी रेघ मारली तर तो चुकत होता. तुम्ही चिठ्ठी बदललीत तेव्हा नाही चुकला?"

"सहा तिकडे, सहा इकडे. नफरी तेवढीच राहिली."

दुसऱ्या कुठल्या दिवशी मला हसू आलं असतं.

"मला विचारायचं होतंत," मी म्हटलं. "चिठ्ठी तुमच्या एकट्याची नव्हती. तुम्हाला उचलते कोण? पडते कोण तुमच्याबरोबर?"

"विचारलं असतं तर दिली असतीस?"

खोटं बोलता आलं असतं. काल मंदाजवळ बोललेच होते. पण ह्यांच्याशी पत्रातसुद्धा कधी खोटं लिहिलं नाही.

"नसती दिली."

"म्हणूनच विचारलं नाही," हे म्हणाले.

मी उठून स्वयंपाकघरात आले आणि एका हाताने भाजी निवडत बसले. नोकरीची मुदत वाढवून घेतली, ते मी पत्रात वाचलं. सासूबाईंना कायमचं आमच्याकडे आणायचं ठरलं, ते पत्रात वाचलं. गावची जमीन धाकट्या दिरांना लिहून दिली, तेही पत्रातच. सगळे निर्णय ह्यांनी घेतले आणि ते मला पोस्टाने आले. ह्या वेळी तर पत्रसुद्धा नाही. मी त्याच इमारतीत होते, वीस पावलांवर.

आणि सगळ्यात वाईट काय, तर ह्यांनी चूक केली असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. मंदाचा कालचा चेहरा मी बघितला आहे. तो परत विझवायचा का म्हणून कोणी विचारलं तर मी काय सांगू? रागावायला जागाच ठेवलेली नाही ह्यांनी.

१९ जानेवारी, मंगळवार

तीन दिवस बोललो नाही. आज ह्यांना बटण लावता येईना. लावून दिलं.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटची मोजणी. सोमवारीच माझं प्लास्टर निघालं. हात काडीसारखा झालाय, मूठ वळत नाही.

दत्तूभाऊजी सोळा सेकंद. ह्यांना तेहेतीस. आधीपेक्षा दोन जास्त.

ऋचाने ह्यांची मांडी दाबून बघितली. "काका, ताकत तो बहु सरस आवी गई छे," ती म्हणाली आणि मग माझ्याकडे वळून सावकाश, मला समजावं म्हणून मराठीत, "काकी, पायात ताकद आली. पण चालणं ही वेगळी गोष्ट आहे. ते पायाला परत शिकवावं लागतं. खुर्चीवाल्या सगळ्यांचं असंच झालं आहे."

तिला आनंद झाला होता. तिला जे सिद्ध करायचं होतं ते झालं होतं. भाऊजींच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "दत्तूकाका, मारो बेस्ट केस!" भाऊजी चपला शोधायच्या निमित्ताने खाली वाकले ते वर बघेनात.

मी तिला सांगू शकले असते. ह्या पोरीच्या वहीत दोन नावं उलटी लिहिली आहेत हे मला माहीत आहे. ती उद्या ते टाइप करेल, बांधून घेईल, परीक्षकांपुढे ठेवेल. सांगितलं तर तिचं सगळं काम फुकट, असं तीच म्हणाली होती. मी थर्मास उचलला आणि ह्यांना उठवायला गेले. उजव्या हाताने.

पण जाता जाता एक विचारलंच. आता खुर्चीवाल्यांनाही चालणं शिकवणार ना? पहिल्या दिवशी तू म्हणाली होतीस.

"हा काकी, चोक्कस. पंधरा दिवसांनी सुरू करू."

२२ फेब्रुवारी, सोमवार

हॉल गेला. ट्रस्टने तो कॉम्प्युटरच्या क्लासला दिला. बाहेर पाटी लागली आहे, आत टेबलं आणि वायरी. मी आणि हे पायऱ्यांखाली रिक्षात बसून राहिलो. ऋचा धावत आली. तिला कालच कळलं म्हणे. दुसरी जागा मिळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तिचं लग्न आहे, ती सुरतला जाणार. सांगता सांगता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्यावर तरी कसं रागवायचं?

ती आमच्याबरोबर घरी आली. तासभर ह्यांना गॅलरीत एकेक पाऊल दाखवलं. स्वतः मागून धरलं होतं. ह्यांनी सात पावलं टाकली, आणि ती नुसती ओढलेली नव्हती, टाकलेली होती. मी मोजली. जाताना तिने कागद दिला, पावलांची चित्रं काढलेला.

"पण काकी, एकट्याने नाही करायचं. मागून धरायला मजबूत माणूस पाहिजे. तुम्ही नाही. तुमचं मनगट अजून कच्चं आहे."

हैदराबादला फोन केला. मुलगा म्हणाला, "आई, व्हीलचेअर घेऊन टाकू या. किती दिवस ओढणार?" हे शेजारीच बसले होते. त्यांना ऐकू गेलं.

कागद कपाटाला चिकटवला आहे. येताजाता दिसतो.

१४ मार्च, रविवार

सकाळी नऊच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. दत्तूभाऊजी पुढे, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मंदा मागे. बसस्टॉपपासून चालत आले होते. भाऊजींनी कपाटावरचा कागद वाचला, पंचा मागून घेतला आणि ह्यांच्या कमरेला बांधला.

"साहेब, उभे राहा. आज ऑर्डर मी देणार."

"तुझ्या पायात सळई आहे, दत्तू."

"सळई आहे म्हणूनच वाकत नाही मी."

हे हसले. कितीतरी दिवसांनी. पंच्याची गाठ धरून भाऊजी मागे उभे राहिले. मी समोर, उलट्या पावलांनी चालणार, हात पुढे केलेले. मंदाला आम्ही गॅलरीच्या टोकाला, दाराशी खुर्चीत बसवलं. ती म्हणाली, "टाळ्या मी वाजवते. घरी ह्यांच्यासाठी रोज मीच वाजवायचे."

ती वाजवायला लागली. ठेका घड्याळासारखा. उजवा. डावा. उजवा. ह्यांची नजर माझ्या नजरेत होती. डावा पाय उचलला, अगदी स्पष्ट उचलला, आणि पुढे पडला. चौथं पाऊल. पाचव्याला उजवा पाय पुढे गेला आणि डावा गुडघा वाकलाच. एकदम नाही, हळूहळू, भिंत भिजून खचावी तसा. भाऊजींनी पंचा ओढून धरला, पण ब्याऐंशी किलो. माझ्या उजव्या हातात ह्यांचं कोपर होतं, डाव्या मुठीत नुसता सदरा. आम्ही तिघं मिळून खाली बसलो. हे भाऊजींच्या मांडीवर टेकलेले, मी समोर गुडघ्यांवर. कोणाला लागलं नाही. कोणी आवाज केला नाही.

मंदा टाळ्या वाजवतच होती. "वा साहेब! असंच! अजून थोडं!" तिचा चेहरा आमच्याकडे नव्हता. आम्ही आता जिथे पोचलो असू असं तिला वाटत होतं, तिकडे ती बघत होती, आणि तिची मान त्या ठेक्यात सावकाश सरकत होती, कोणी समोरून चालत यावं तशी.

भाऊजी तिला सांगायला तोंड उघडत होते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको.

टाळ्या चालू राहिल्या. किती, ते मी मोजलं नाही. शेवटी तिचे हात दमले. ते मांडीवर ठेवून तिने विचारलं, "पोचले का साहेब, वहिनी?"

"पोचले," मी म्हटलं.